तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेट व्हायचंय, तर मायनर घ्यावा का?

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना एका आईने ताट घेऊन माझ्या शेजारची खुर्ची ओढली. तिची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, बायॉलॉजी, आणि पुढे व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, व्हायचं हे सातवीपासून ठरलेलं. "ताई, तिच्या मैत्रिणी म्हणतात एखादा मायनर असलाच पाहिजे, दोन असले तर उत्तम. खरंच त्याने अर्जाला वजन येतं का हो?"

विस्कॉन्सिनमध्ये गायींची डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि हा प्रश्न दरवर्षी तीन-चार घरांतून येतो. हातात मोदक घेऊन दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत बारावी झाली की थेट व्हेटर्नरीला जाता येत नाही. बहुतेक मुलं आधी कॉलेजची पदवी घेतात आणि मग चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी, करतात. प्री-व्हेट ही बहुतेक ठिकाणी पदवी नसते, तो फक्त एक मार्ग असतो. मेजर कुठलाही चालतो, अगदी इतिहाससुद्धा. अट असते ती ठरावीक विषयांची: बायॉलॉजी, साधी आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, बऱ्याच ठिकाणी जेनेटिक्स आणि मायक्रोबायॉलॉजी. मायनर म्हणजे मेजरच्या जोडीने घेतलेला धाकटा विषय. पदवी साधारण 120 क्रेडिटची असते, त्यातले 15 ते 18 क्रेडिट, म्हणजे पाच-सहा कोर्स, मायनरला जातात. आता महाराष्ट्रातही नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर हे शब्द घरोघरी पोचलेत, तेव्हा कल्पना यायला अडचण नाही.

तर सरळ उत्तर: नुसत्या मायनरला वजन नाही.

इथल्या बहुतेक व्हेट स्कूलांसाठी व्हीएमकॅस नावाचा एकच सामाईक अर्ज भरायचा असतो. त्यात प्रत्येक कोर्स आणि त्याची ग्रेड वेगवेगळी भरावी लागते. जनावरांबरोबर किती तास काढले, त्यातले डॉक्टरच्या हाताखाली किती, संशोधनात किती, हे मांडावं लागतं. शिफारसपत्रं लागतात, निबंध लागतो. या सगळ्या पसाऱ्यात मायनरच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. मायनर नव्हता म्हणून कुणाचा प्रवेश हुकला असं मी पाहिलेलं नाही. मायनरपायी ग्रेड घसरली म्हणून हुकलेला मात्र पाहिला आहे.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी. अतिशय कष्टाळू. तिने दोन मायनर घेतले, सायकॉलॉजी आणि बिझनेस, आणि दोन्ही पुरे करायचे म्हणून तिसऱ्या वर्षी एकेका सत्रात 19 क्रेडिट घेतले. त्यातच ऑरगॅनिक केमिस्ट्री होती. ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, तो विषय रोज थोडा थोडा करावा लागतो, साठवून ठेवला की गळ्याशी येतो. तिला सी मिळाला. शनिवारी ती एका दवाखान्यात जायची, ते जाणंही त्या वर्षी सुटलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुढे पत्र दिलं, पण त्यांच्याकडे लिहायला सहाच महिन्यांचं काही होतं. त्या वर्षी तिला कुठेच प्रवेश मिळाला नाही. अर्ज वर्षातून एकदाच करता येतो, म्हणजे सबंध वर्ष गेलं. ती आता डीव्हीएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि छान चाललंय तिचं. पण त्या वर्षी तिच्या आईचा फोन आला की मला शब्द सुचायचे नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. बरीच व्हेट स्कूलं चार वर्षांच्या सरासरीबरोबर शेवटच्या 45 क्रेडिटांची सरासरी वेगळी काढतात. मुलं मायनर घेतात ती नेमकी तिसऱ्या-चौथ्या वर्षात, म्हणजे त्यातला बराचसा त्या 45 मध्ये जाऊन बसतो. मनापासून आवडणारा विषय असेल तर सरासरी वर जाते, नुसता नावासाठी घेतलेला असेल तर खाली. म्हणून कोणता मायनर घेऊ यापेक्षा कधी घेऊ हा विचार आधी करायला हवा.

आणि केमिस्ट्रीचा मायनर? तो बऱ्याच मुलांना जवळजवळ फुकट मिळतो, कारण व्हेट स्कूलसाठी एवढी केमिस्ट्री करावीच लागते की वर एखाद-दुसरा कोर्स केला की झालं. (एकच कोर्स दोन्हीकडे किती धरायचा याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या.) मिळत असेल तर घ्या. पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल नवं काही कळत नाही.

मग घेऊच नये का? इथे मला एका गोठ्याबद्दल सांगू द्या.

मी या कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका गायीला कासदाह झाला होता, आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो. मागचा डावा सड सुजून टणक झालेला, दुधात गुठळ्या. मी त्या सडातून अँटिबायोटिकची ट्यूब सोडली आणि गायीच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधला. धारा काढणारा तरुण मेक्सिकोहून आलेला होता. त्याला मी इंग्रजीत सांगितलं, हिचं दूध तीन दिवस टाकीत जाऊ द्यायचं नाही. सांगताना माझा हात त्या सडाकडे होता. तो "ओके, ओके" म्हणाला आणि मी पुढच्या गायीकडे वळले.

त्याने अगदी काळजीपूर्वक त्या एका सडाचं दूध वेगळ्या बादलीत काढलं. बाकीच्या तीन सडांचं टाकीत सोडलं. औषध रक्तातून चारही सडांत उतरतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी जे सांगितलं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. संध्याकाळी मालकाने टाकीतल्या दुधाची चाचणी केली तेव्हा ते उघड झालं. इथे दुधाचा प्रत्येक टँकर डेअरीत उतरण्याआधी अँटिबायोटिकसाठी तपासतात. टाकीतलं दूध टँकरमध्ये गेलं असतं तर दहा गोठ्यांचं दूध वाया गेलं असतं. गेली ती एकच टाकी. मालक कुणालाच बोलला नाही. त्याने टाकीची तोटी उघडली आणि आम्ही तिघं ते पांढरं दूध गटारात जाताना बघत उभे राहिलो. तो मुलगा पुन्हा पुन्हा "पेर्दोन", म्हणजे माफ करा, म्हणत होता. चूक माझी आहे हे मला त्याला सांगायचं होतं, आणि तेवढंही मला त्याच्या भाषेत सांगता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. वय 36. दिवसभर गायी तपासून संध्याकाळी क्रियापदांची रूपं पाठ करत बसायचे.

गंमत अशी की समोरच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं ही गोष्ट मी फार पूर्वीच शिकले होते, तेव्हा तिला नाव नव्हतं इतकंच. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची. 1886 सालचं कॉलेज, शेजारी त्याहून जुनं, जनावरांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. आमचा अभ्यासक्रम ठरलेला असे, निवडीला जागा नव्हती. पण तिथे मुंबईच्या तबेल्यांतून म्हशी येत आणि त्यांच्याबरोबर उत्तर प्रदेश-बिहारकडचे राखणदार. पुण्यात वाढलेल्या मला हिंदीसुद्धा धड येत नव्हती, आणि पहिल्याच आठवड्यात एक काका सांगत होते, "भँइस पगुरात नइखे." पगुराणं म्हणजे रवंथ करणं. म्हैस रवंथ करत नाही, या तीन शब्दांत अर्धं निदान होतं, पण मला ते दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागलं. वर्षभरात मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत मोडकंतोडकं बोलू लागले. विस्कॉन्सिनला आल्यावर परवान्याच्या परीक्षा दिल्या, गाडी शिकले, बर्फात चालायला शिकले, आणि नेमकं हे विसरले.

म्हणून माझ्याकडे येणारी मुलं मोठ्या जनावरांचं काम करणार म्हणाली, की मी त्यांना स्पॅनिश घ्या म्हणते. त्याला मायनर म्हणा नाहीतर नुसते चार कोर्स. मार्च 2024 मध्ये टेक्सस आणि कॅन्ससच्या दुभत्या गायींत बर्ड फ्लू सापडला. पुढे गोठ्यांत काम करणाऱ्या माणसांनाही लागण झाली, आणि बऱ्याच जणांचं लक्षण होतं डोळे येणं. आमच्या भागातही त्या दिवसांत आम्ही गोठ्यागोठ्यात विचारत फिरत होतो, "ओहोस रोहोस?" डोळे लाल झालेत का, कुणाचे, कधीपासून. पोटावर पाय येईल या भीतीने माणसं असल्या गोष्टी लपवतात. त्यांच्या भाषेत विचारलं की निदान काही जण बोलतात.

बाकी विषयांचं म्हणाल तर कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढायचा असेल त्याने अकाउंटिंगचे दोन कोर्स जरूर करावेत, मायनरची गरज नाही, कारण व्हेट स्कूलमध्येही ते थोडंफार शिकवतात. रोगराईच्या कामात जायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स, आणि शक्य असेल तर मानववंशशास्त्रही. गुरांचा बुळकांडी रोग 2011 मध्ये जगातून संपला. देवीनंतर पुरता संपलेला तो दुसराच रोग. त्यात लशीचा वाटा मोठा होताच, पण पूर्व आफ्रिकेत रोग शेवटी कुठे दडून बसलाय हे शोधताना गुराख्यांशी बोलून त्यांच्याकडून माहिती घ्यावी लागली होती. आणि गुरांच्या वागण्याच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांची पहिली पदवी, 1970 सालची, सायकॉलॉजीची आहे. प्राणिविज्ञान त्यांनी नंतर केलं. गुरं कशाला बिचकतात हे त्यांनी ज्या बारकाईने पाहिलं, त्यातून त्यांनी आखलेले वळणदार रस्ते आज अमेरिकेतल्या कितीतरी गोठ्यांत आणि कत्तलखान्यांत आहेत.

आणखी एक गोष्ट, जी आईवडिलांसमोर बोलायला मुलं कचरतात. पहिल्या खेपेला प्रवेश मिळत नाही अशी मुलं पुष्कळ असतात. मधलं वर्ष काढायला हाताला काम लागतं. स्टॅटिस्टिक्स, फूड सायन्स किंवा पब्लिक हेल्थचा मायनर असेल तर ते काम मिळायला मदत होते. हे कारण मला पूर्ण प्रामाणिक वाटतं आणि ते उघड बोलायला हरकत नसावी.

पण मायनरसाठी पदवी एक सत्र लांबणार असेल, तर मी नको म्हणेन. एका जादा सत्राची फी कर्जात जाते, आणि पुढे डीव्हीएमचं कर्ज उभंच असतं. तीन कोर्स करून हवं ते शिकून झालं असेल तर उरलेले दोन नुसत्या नावासाठी करू नका. निबंधात त्या तीन कोर्सांनी काय दिलं ते लिहा. वाचणारी माणसं ते वाचतात.

मंडळातल्या त्या आईला मी यातलं थोडंच सांगू शकले. मुलगी दुसऱ्या टेबलावर वाढत होती, तिला हाक मारली. मायनर कोणता घ्यायचाय विचारलं तर म्हणाली, "मावशी, केमिस्ट्री, कारण दोनच कोर्स राहतात." मग जरा थांबून म्हणाली, शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलं होतं, आवडायचं, पण कॉलेजात वेळ मिळेल असं वाटलं नाही. मी वेळापत्रक मागितलं. तिने फोनवर दाखवलं. ऑरगॅनिक याच सत्रात आहे, तेव्हा या सत्रात काही नाही. जानेवारीपासून स्पॅनिशचा एक कोर्स, तोही संभाषणाचा.

ऑरगॅनिकची परीक्षा संपली की त्याच शनिवारी पहाटे पाचला ती माझ्याबरोबर गोठ्यांवर यायची आहे. रबरी बूट स्वतःचे आण, माझे तुला मोठे होतील, असं सांगून ठेवलंय.