रिकाम्या खोक्यांची जकात

आधी एक सांगतो: पुठ्ठ्याची वस्तू परदेशातून जूनमध्ये मागवू नका. मी मागवली, तीही मालवणात राहून.

काका बोटीवर होते. १९८९ साली त्यांनी न्यूयॉर्कहून एक सीडी आणली, फूटभर उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात. सीडी ओरखडे पडून कधीच गेली. खोक्यात आई उदबत्त्या ठेवायची, म्हणून ते टिकलं. त्याला लाँगबॉक्स म्हणतात हे मला फार नंतर कळलं. १९८३ साली अमेरिकेत सीडी विकायला आल्या तेव्हा दुकानांतले रॅक बारा इंची एलपींचे, म्हणजे गाण्यांच्या जुन्या मोठ्या तबकड्यांचे. नवं फर्निचर कोण करतो? म्हणून साधारण सहा इंच रुंद, बारा इंच उंच खोकं केलं. दोन शेजारी लावली की एका एलपीची जागा भरते, शिवाय खिशात घालून कोणी पळत नाही. घरी गेल्यावर लोक ते फाडून फेकायचे. एवढा कचरा कशाला, अशी ओरड झाली आणि १९९३ मध्ये कंपन्यांनी ते बंदच केलं. आज अख्खं खोकं मिळणं म्हणूनच मुश्किल.

मला अशी सहा रिकामी खोकी मिळाली, चाळीस डॉलरला. विक्रेता भला होता. पार्सल मुंबईला पोचलं आणि कस्टममध्ये बसलं.

एकोणीस दिवस मोबाइलवर तीच ओळ. मग पत्र आलं: ओळखपत्र द्या, पैसे भरल्याचा पुरावा द्या, वापर काय ते लिहा. सगळं पाठवलं. उत्तर आलं की कागदावर ‘रिकामी खोकी’ लिहिलंय, तर आतला माल कुठे? आत काही नाही हाच माल, हे अर्जात लिहायचं कसं? लिहिलं. मग आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पार्सलवर नाही, म्हणून आणखी आठ दिवस. शेवटी फोन लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “रिकामी आहेत, तर वजन एवढं कसं?”

इथे मी गप्प झालो. खोकी दबू नयेत म्हणून प्रत्येकात पुठ्ठ्याची जाड घडी घाला, हे विक्रेत्याला मीच बजावलं होतं. तेव्हा आत भरण घालायला सांगाल, तर कागदावर तेही लिहायला सांगा. आणि नुसतं ‘रिकामी’ नको. ‘जुनी छापील पुठ्ठ्याची वेष्टनं, संग्रहासाठी, आत सीडी नाही’ असं हवं. मी काकांचं खोकं, एक एलपी आणि फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवला. चार दिवसांत पार्सल सुटलं. हा फोटो पहिल्याच दिवशी पाठवायला काय झालं होतं, यावर बायको अजून बोलते.

पोस्टमननी जकातीचे पैसे घेतले, खोकं हलवून बघितलं. “रिकाम्या खोक्यांक पैशे मोजलास?”

हो, मोजले.

कसर लागू नये म्हणून मी कपाटात वेखंड ठेवतो. डांबराच्या गोळ्यांचा वास पुठ्ठ्यातून जात नाही. पाच खोकी सुरेख आहेत. सहावं कस्टमवाल्यांनी तपासायला ब्लेडने उघडलं होतं आणि छपाईवरूनच तपकिरी चिकटपट्टी मारली होती. ती काढायचा मला धीर झाला नाही. गेल्या पावसात दमटपणाने ती आपसूक सुटली, अर्धं चित्र सोबत घेऊन.