पाणी येत होतं, पण जात नव्हतं
खारफुटीचे सर्व्हे करून बरीच वर्षं झाली पण त्या दिवसासारखी फजिती परत झाली नाही. खाडीकाठचा तिवरांचा (खारफुटीतलंच एक झाड) एक मोठा पट्टा अख्खा वाळला होता, आणि मी जातानाच ठरवून गेलो होतो की पानं खाणाऱ्या अळीचं काम असणार. खरं तर अळीने खाल्लेला तिवर बहुतेक वेळा परत पालवतो, हे मला माहीत होतं, तरीही.

ओहोटीला पोचलो. कच्च्या रस्त्याच्या बांधाबाहेर चिखल उघडा पडलेला, खेकड्यांची बिळंच बिळं, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतायत, झाडं हिरवीगार. बांध ओलांडला तर आत घोटाभर पाणी तसंच, जागचं हललेलं नाही. पेन्सिलीसारखी वर येणारी श्वसनमुळं सगळी पाण्याखाली, एक बीळ दिसेना. चिखलात हात घातला तर काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास (तो थोडा असतोच, पण इथे डोक्यात जात होता).

तेव्हा ट्यूब पेटली. तिवराला पाणी चालतं ते येणारं-जाणारं. भरतीत मुळं बुडाली की आतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, मग आतला दाब कमी होतो आणि ओहोटीला टोकं उघडी पडली की बारीक छिद्रांतून हवा आपोआप आत ओढली जाते. शोलँडर या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच हे दाखवलंय. पण ओहोटीच झाली नाही तर झाडाने श्वास घ्यायचा कधी?

बांधाखाली पाइप सापडला, गाळाने गच्च. उधाणाचं पाणी बांधावरून आत यायचं आणि अडकायचं, उन्हात आटून खारट व्हायचं. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ६२ आलं (हजार भागांत मीठ किती, तो आकडा), समुद्राचं साधारण ३५ असतं. मला वाटलं मीटर गेला, पुसून परत बघितलं, तेच.

तेवढ्यात ऑफिसचा फोन, रोपं किती लागतील, नर्सरीला कळवायचंय. रोपं लावून फोटो काढायला सगळे तयार, खोदायला कुणी नाही! म्हटलं, रोपंही बुडूनच मरतील, पाइप मोकळा करा, अजून दोन मोऱ्या टाका, बाहेरच्या झाडांच्या बिया भरतीबरोबर तरंगत येतील आत.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "ते ठीक आहे हो सर, पण फॉर्ममध्ये रोपांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

शून्य लिहिलं.