हो, गावची हापशी मीच बंद पाडली

दरवर्षी फर्स्ट इयरची नवीन बॅच येते आणि दोन-तीन आठवड्यात एखादा पोट्टा विचारतोच, "सर, तुम्ही तुमच्याच गावची हापशी बंद पाडली म्हणतात, खरं काय?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात. पर्यावरण व्यवस्थापन शिकवतो मी, लोकांनी ओझोनचं विचारावं, वाघाचं विचारावं, पण नाही, हापशीच. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

हो, पाडली. म्हणजे दांडा काही मी काढला नाही, मी फक्त रिपोर्ट दिला. (हे "मी फक्त" मी दहा वर्षांपासून म्हणतोय.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्याकडच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे तुम्हाला काय सांगायचं, पट्टे पडलेले दात आमच्याकडं घरोघरी आहेत. मी तेव्हा नवीनच लागलो होतो, प्रॅक्टिकलला सॅम्पल पाहिजे म्हणून गावाहून पाणी आणलं, प्लास्टिकच्या बाटलीत, कारण फ्लोराइडसाठी काचेची चालत नाही. स्पॅडन्स म्हणजे फ्लोराइड तपासायचं रसायन, त्याचा रंग लालभडक असतो, फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग उतरतो. बाकीच्या गावांच्या ट्यूब एका ओळीत लाल आणि आमची उन्हात विटलेल्या कुंकवासारखी. डायल्यूट करून पुन्हा लावलं, लिटरला २.८ मिलीग्राम. मर्यादा १ ची, आणि दुसरी सोयच नसेल तर १.५. ही "दुसरी सोय नसेल तर" वाली ओळ मी वर्गात कितीदा वाचून दाखवली असेल, डोक्यात मात्र कधी शिरली नाही.

ग्रामसभेत मी रिपोर्ट वाचला. पिवळे दात ही सुरुवात आहे, पुढं हाडं आखडतात वगैरे सगळं सांगितलं. आठवड्यात हापशीवर लाल फुली आली आणि दांडा काढून ठेवला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

मग पावसाळा लागला. बायका नाल्याकाठच्या जुन्या विहिरीवर जायला लागल्या. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंचा नातू, चार वर्षांचा, रात्री हगवण-उलटी सुरू झाली. ऑटो मिळेपर्यंत बारा वाजले, मीही बसलो सोबत, रस्ताभर काकू लुगड्यानं त्याचं तोंड पुसत होत्या आणि तो रडतही नव्हता, तेच जास्त भ्या वाटत होतं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसलीच नाही, तशीच उभी राहिली, घडी घातलेल्या कपड्यासारखी. डिहायड्रेशनची ही खूण मला पाठ होती, पण पाठ असणं आणि बघणं. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. पहाटे पोरानं डोळे उघडले तेव्हा काकू माझ्याकडं वळल्या, "बाबू, त्या पान्यानं दात पिवळे होत होते, पन पोट्टं राती झोपलं का सकाळी उठत तं होतं."

आता मी म्हणू शकतो, आणि बरेच दिवस म्हणत होतो, की विहिरीमुळंच झालं हे सिद्ध कुठं झालं? एकच पोर, माशा होत्या, शिळं खाल्लं असेल. पण चौथ्या दिवशी मी त्या विहिरीचं पाणी एच-टू-एसच्या बाटलीत, म्हणजे पाण्यात शौचातले जंतू असले की काळी पडते त्या बाटलीत, भरून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळी ठिक्कर. ही टेस्ट करायला एक बाटली आणि एक दिवस लागतो. आधी का नाही केली? त्या टर्मच्या प्रॅक्टिकलमध्ये फक्त फ्लोराइड होतं म्हणून.

मग गप्प बसायला पाहिजे होतं का? तेही पटत नाही. आमच्याच गल्लीत पन्नाशीच्या आत काठी धरलेले लोक आहेत. दांडा काढण्यापेक्षा हापशीचं पाणी भांड्याकपड्याला ठेवलं असतं, विहिरीत ब्लीचिंग पडत राहील हे आधी पाहिलं असतं, हे आज सुचतं. फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच काढलेली, वर्गात शिकवतो मी, पण रोज वावरातून थकून आलेल्या बाईनं माप घेऊन तुरटी ढवळायची आणि खालचा गाळ टाकायचा कुठं, हे पुस्तकात नाही. काकूंनी तर मला बरं वाटावं म्हणून हापशीचं पाणी उकळायला घेतलं होतं. उकळून फ्लोराइड जात नाही हो, पाणी आटतं आणि ते उलट वाढतं. हे त्यांना सांगताना माझी जीभ जड झाली होती.

नंतर आरओ मशीन आली. बिल थकलं की बंद. दांडा कोणीतरी परत लावलाय, फुली अजून पुसट दिसते. नातू आता नववीत आहे, हसताना ओठ मिटून हसतो.

मागच्या दिवाळीत काकूंकडं चहा झाला. पाणी कुठलं ते मी विचारलं नाही.