दहावीनंतरची इंग्रजी : भाचीसोबत केलेला सराव

माझ्या भाचीने दहावीनंतर विज्ञान शाखा इंग्रजी माध्यमातून घ्यायचं ठरवलं. घरात सगळे खूश होते, मला मात्र जून महिना दिसत होता. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना भाषा बदलायची सवय असते. आजीशी मराठी, गल्लीत आणि शाळेत गुजराती, टीव्हीसमोर हिंदी. आपण एका भाषेतून दुसरीत गेलो हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजीचं तसं नसतं. ती तासाला भेटते, पेपरात भेटते आणि दप्तरात परत जाते. पहिलीपासून गुजराती माध्यमात शिकलेल्या पोरीला आता पेशी, पचनसंस्था आणि गतीचे नियम इंग्रजीतून वाचायचे होते, आणि वर्गात शंकाही इंग्रजीतूनच विचारायच्या होत्या.

मी शिक्षिका नाही. नोकरीत माझी बरीच वर्षं इंग्रजी पत्रं लिहिण्यात आणि इतरांची सुधारण्यात गेली, त्यामुळे आपल्याकडची माणसं या भाषेत कुठे ठेचकाळतात ते मला ठाऊक होतं. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली. "आत्या, तूच घे ना माझी इंग्रजी," असं ती म्हणाली आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर सराव सुरू झाला. थोड्याच दिवसांत शेजारचा तिच्याच वयाचा मराठी मुलगा येऊ लागला, मग तिची गुजराती मैत्रीण. ती मला मासी म्हणायची, तो काकू.

व्याकरणाचं पुस्तक मी उघडलंच नाही. तिघांना सांगितलं, कालचा दिवस एका पानावर इंग्रजीत लिहा, अडलं तर मराठी किंवा गुजराती शब्द तसाच ठेवा. ती पानं मी रात्री लाल शाई न वापरता वाचली आणि चुका वेगळ्या वहीत गटागटाने मांडल्या. तिघांनाही बोर्डाच्या पेपरात रिकाम्या जागांचे चांगले गुण होते. 'ही' नंतर 'गोज' येतं हे तिघेही झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण स्वतःच्या पानावर तिघांनी 'माय ब्रदर गो टु ट्यूशन' असंच लिहिलं होतं. नियम माहीत असणं आणि वाक्य सुचताना तो नियम हाताशी असणं यांत मोठं अंतर आहे, आणि आपल्याकडच्या सगळ्या परीक्षा पहिलीच गोष्ट तपासतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण यात मुलांची हुशारी वाया जाते.

चुका शेकड्यांनी असल्या तरी जाती मोजक्याच होत्या. 'ए', 'ॲन' आणि 'द' गाळणं, 'सिन्स' आणि 'फॉर', प्रश्नातला शब्दक्रम, क्रियापदाचा 'स', आणि कर्ता नसलेली वाक्यं. आम्ही एका वेळी एकच जात हातात घेतली. ती चालू असताना बाकीच्या चुका मी ऐकून सोडून देत होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला प्रत्येक शब्दाला थांबवलं तर तो बोलणं बंद करतो, आणि एकदा बंद झालेलं तोंड उघडायला फार वेळ लागतो.

'सिन्स' आणि 'फॉर'ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती प्रत्येक मराठी घरात घडते. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजी इथे दोन वाटा करते. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स मंडे', किती काळ लोटला ते सांगायचं असेल तर 'फॉर टू इयर्स'. शिवाय आपण 'मी दोन वर्षांपासून क्लासला जातोय' असं चालू वर्तमानकाळात बोलतो, म्हणून मुलं 'आय ॲम गोइंग टु क्लास सिन्स टू इयर्स' लिहितात. एका वाक्यात दोन अडचणी. मी वहीच्या पानावर आडवी रेघ ओढली. एका टोकाला ठिपका म्हणजे 'सिन्स', ठिपक्यापासून आजपर्यंतची लांबी म्हणजे 'फॉर'. मग प्रत्येकाने आपल्याच आयुष्यातल्या खऱ्या गोष्टी त्या रेघेवर मांडायच्या. 'आय हॅव नोन हर सिन्स फिफ्थ स्टँडर्ड.' 'वी हॅव लिव्ह्ड इन धिस हाउस फॉर थर्टी इयर्स.' खोटी वाक्यं चालणार नाहीत, एवढी एकच अट. त्या अटीमुळे मुलं विचार करून बोलू लागली.

पूर्ण वर्तमानकाळाची, म्हणजे या 'हॅव'वाल्या क्रियापदांची, दुसरी खोच 'काल'मध्ये आहे. 'तो सिनेमा मी गेल्या वर्षीच पाहिलाय' हे मराठीत अगदी सहज चालतं. इंग्रजीत मात्र काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये असा संपलेल्या काळाचा शब्द आला की 'हॅव सीन' चालत नाही, 'सॉ' लागतं. उलट वेळ दाखवणाऱ्या काही शब्दांत मराठी आपल्याला मदत करते. सोमवारी, मार्चमध्ये, पाच वाजता. आपणही तीन वेगळ्या रीतीने बोलतो आणि इंग्रजीही 'ऑन मंडे', 'इन मार्च', 'ॲट फाइव्ह' असंच तीन रीतींनी बोलते. हे दाखवल्यावर भाचीचा चेहरा खुलला. पुढे 'इन द मॉर्निंग' आणि 'ॲट नाइट' हे जोडीला पाठच करावे लागतात, तिथे तर्क चालत नाही, आणि तेही मी तिला तसंच सांगितलं.

'ए' आणि 'द' साठी मला घराबाहेर पडावं लागलं. मराठीत आणि गुजरातीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे मुलांच्या कानाला त्यांची उणीव जाणवतच नाही. आम्ही सकाळी लवकर कमाटीबागेत गेलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेली ही बाग, आत प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय दोन्ही. पहिल्यांदा दिसलं तर 'ए', दुसऱ्यांदा त्याच गोष्टीबद्दल बोललं तर 'द', एवढाच त्या दिवसाचा खेळ. 'आय सॉ ए पीकॉक. द पीकॉक वॉज सिटिंग ऑन ए वॉल. द वॉल वॉज वेट.' अशी साखळी जो तोडेल त्याचा डाव संपला. मेचं ऊन वर चढेपर्यंत मुलं मोर, माळी, भेळवाला यांच्या साखळ्या जोडत होती. मोजता न येणाऱ्या नामांची यादी मात्र बागेत जमत नाही. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'होमवर्क' यांना 'ए' लागत नाही आणि शेवटी 'स'ही लागत नाही, हे घरी बसून घोटावं लागलं.

संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा टांगलेला आहे. मही नदीच्या मुखाशी सापडलेला हा देवमासा बडोद्याच्या प्रत्येक मुलाने लहानपणी मान वर करून पाहिलेला असतो. मी तिघांना त्याची माहिती देणारी पाटी इंग्रजीत लिहायला सांगितलं आणि तिथेच कर्मणी प्रयोग समोर आला. मराठीत आपण 'सांगाडा इथे आणला', 'लक्ष्मी विलास पॅलेस १८९० मध्ये बांधून झाला' असं म्हणतो. कोणी आणला, कोणी बांधला हे सांगावं लागत नाही आणि क्रियापदही फारसं बदलत नाही. म्हणून मुलं 'द स्केलेटन ब्रॉट हियर' लिहितात, म्हणजे सांगाड्यानेच काहीतरी आणलं. 'वॉज' हवा. 'द व्हेल वॉज फाउंड', 'द बोन्स वेअर क्लीन्ड', 'द स्केलेटन वॉज ब्रॉट'. शेजारचा मुलगा तोवर फारसा बोलत नव्हता. त्या पाटीवर मात्र तो तासभर बसला आणि हाडं स्वच्छ करण्यापासून टांगण्यापर्यंतचा सगळा क्रम त्याने लिहून काढला. विज्ञानाची पुस्तकं याच प्रयोगात लिहिलेली असतात. 'स्टार्च इज ब्रोकन डाउन बाय एन्झाइम्स' हे वाक्य पुढे वर्गात समोर आलं तेव्हा त्यांना ते अनोळखी वाटलं नाही.

शब्दांचं काम याहून कष्टाचं होतं. "मासी, याद नथी रहेतुं," ही मैत्रिणीची तक्रार खरी होती. शब्दकोशातून रोज वीस शब्द पाठ करायची पद्धत मी पहिल्याच दिवशी बंद केली. कुठले शब्द आधी शिकावेत यावर फार जुनं काम झालेलं आहे. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला आणि पुढे १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आपल्याच उपखंडातल्या मुलांकडे पाहून सुरू झालेलं हे काम आपल्या शाळांत कोणाला माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं. त्या यादीतले बरेच शब्द मुलांना येत होते, पण ओळखण्यापुरते. वापरायला येत नव्हते.

त्यासाठी खोका केला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज पाहायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि तिथे ते जास्त दिवसांनी समोर येतं. चुकलं की थेट पहिल्यात परत. यामागचं कारण जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, आणि उजळणी थोड्या थोड्या अंतराने केली तर ते टिकतं. भाचीला हे कारण सांगितल्यावर "म्हणजे माझं डोकं खराब नाहीये," असं ती म्हणाली. ते वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही. विसरण्याला ही मुलं स्वतःचा दोष समजत असतात.

कार्डावर सुटा शब्द लिहायला मी मनाई केली. एका बाजूला मराठी किंवा गुजराती वाक्य, दुसऱ्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य. कारण अडचण शब्दाच्या सोबत्याची असते. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, लक्ष 'पे' करतात, फोटो 'टेक' करतात. आपल्याकडे यातलं निम्मं 'करणे' आणि 'देणे' यांवर भागतं. विज्ञानासाठी कार्डं कुटुंबाकुटुंबाने केली. 'डायजेस्ट', 'डायजेशन', 'डायजेस्टिव्ह'. एक शब्द पक्का झाला की नातेवाईक लवकर ओळखू येतात.

वाचनासाठी आम्ही मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जात होतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलंच होतं. वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे पुस्तक मिळालं पाहिजे, हा विचार मला आजही थोर वाटतो. पुस्तक निवडताना मी एकच कसोटी दिली. कुठल्याही पानावरचे शंभर शब्द वाचायचे. दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अनोळखी निघाले तर ते पुस्तक आत्ता नको. कोशाच्या मदतीशिवाय वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असं या विषयातले संशोधक सांगतात. मुलांना सोपी पुस्तकं घ्यायची लाज वाटत होती. मी स्वतः लहान मुलांच्या कपाटातलं पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर वाचत बसले.

बोलण्याची भीती सर्वांत चिवट. गल्लीच्या तोंडाशी महिन्याभरात फाडफाड इंग्रजीची हमी देणारी पाटी लागलेली असते. तिथे स्वतःची ओळख, आवडता छंद, आवडता सण अशी ठरलेली भाषणं पाठ करून घेतात आणि दुसरा प्रश्न आला की मूल गप्प होतं. आम्ही उलट केलं. एकाने फक्त प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने फक्त उत्तरं द्यायची. मराठीत 'तू काय करतोस' याचा क्रम बदलत नाही, म्हणून मुलं 'व्हॉट यू आर डूइंग' विचारतात. प्रश्नांचीच पाळी आली की 'आर यू' आणि 'डू यू' जिभेवर बसतात. शेजारच्या मुलासाठी वेगळी वाट काढली. त्याने घरी एकट्याने फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचं, स्वतःच ऐकायचं आणि पुन्हा बोलायचं. मला ऐकवायची सक्ती नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्याने आपणहून फोन पुढे केला. रेकॉर्डिंगमध्ये गल्लीतल्या क्रिकेटचं धावतं वर्णन होतं, आणि त्यात 'स'कारान्त क्रियापदं जवळपास सगळी जागेवर होती.

जूनमध्ये मुलं अकरावीची पुस्तकं घेऊन आली तेव्हा आमची वेळ सकाळची संध्याकाळ झाली, एवढंच. भाचीला पहिले आठवडे जड गेले. जीवशास्त्राचा तास तिला समजायचा, पण लिहून घेताना ती मागे पडायची. मग आम्ही लघुरूपं ठरवली आणि रोजच्या टिपणांतून पाच वाक्यं पूर्ण करून लिहायची असा नेम केला. 'द' अजूनही तिच्या हातून सुटतो. शंका मात्र ती आता उभी राहून विचारते, हे तिच्या आईने मला सांगितलं, तिने नाही.

दिवाळीनंतर आम्ही जर-तरच्या वाक्यांवर आलोय. न घडलेल्या भूतकाळासाठी इंग्रजीला 'हॅड' आणि 'वुड हॅव' दोन्ही लागतात, आणि मराठीतलं 'पकडला असता तर जिंकलो असतो' त्याच्या इतकं जवळ आहे की मुलांना ते पटकन कळलं. परवा शेजारच्या मुलाने गेल्या रविवारच्या मॅचबद्दल मैत्रिणीला सुनावलं, 'इफ युअर ब्रदर हॅड टेकन दॅट कॅच, वी वुड हॅव वन.' तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, 'ही वुड हॅव टेकन इट इफ यू हॅडन्ट शाउटेड.' दोन्ही वाक्यं कार्डांवर लिहून पहिल्या कप्प्यात ठेवली आहेत.