मुलांना घाबरवायला मी का येत नाही

“ताई, आमच्या मुलांशी तासभर बोला. नशेने काय होते, पोलिसांच्या हाती लागले की काय होते, ते सगळे सांगा. जरा भीती घाला.” ही विनंती मला वर्षातून अनेकदा येते. ती करणारी माणसे शिक्षक, पालक किंवा वस्तीतील कार्यकर्ते असतात आणि त्यांच्या कळकळीबद्दल मला कधीच शंका वाटलेली नाही, कारण असे बोलावणे येते तेव्हा बहुतेक वेळा नुकतेच काहीतरी घडलेले असते: एखादा मुलगा चोरीत सापडलेला असतो, एखाद्या मुलीच्या दप्तरात गोळ्या मिळालेल्या असतात. मी भाषणाला नाही म्हटले की पुढचा प्रश्न येतो, “मग आम्ही करायचे तरी काय?” तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी उत्तर लिहूनच देत आहे.

सुरुवातीच्या काळात मी अशी भाषणे दिली आहेत. एकदा माझ्याबरोबर व्यसनातून बाहेर पडलेले एक गृहस्थ होते. त्यांनी आपले घर कसे विस्कटले, नोकरी कशी गेली, स्वतःच्या मुलीने बोलणे कसे टाकले हे इतक्या प्रामाणिकपणे सांगितले की सभागृह स्तब्ध झाले आणि शेवटी मुलांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर १४ वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि त्याने हळूच विचारले, “म्हणजे नंतर सुटतं ना?” त्याच्यासमोर एक धडधाकट, सर्वांची वाहवा मिळवणारा माणूस उभा होता. तासभर ऐकलेल्या भीतीतून त्याने स्वतःला हवा असलेला दिलासा तेवढा उचलला होता. त्या दिवसापासून मी भाषणांविषयी गंभीरपणे विचार करू लागले आणि इतरांनी तपासून काय पाहिले आहे ते वाचू लागले.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, राहवे येथील तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यांनी एक उपक्रम सुरू केला होता. वाट चुकू लागलेल्या मुलांना तुरुंगात आणले जाई आणि कैदी त्यांच्या अंगावर ओरडून आत काय सोसावे लागते ते सांगत. उपक्रमाचा मोठा गाजावाजा झाला आणि इतर राज्यांनीही तो उचलला. जेम्स फिन्केनॉअर या अभ्यासकाने तुरुंगात नेलेल्या मुलांची तुलना न नेलेल्या मुलांशी केली, तेव्हा पुढील सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडलेल्यांचे प्रमाण न नेलेल्या गटात सुमारे ११ टक्के आणि नेलेल्या गटात सुमारे ४१ टक्के निघाले. त्याच्या अभ्यासातील मुलांची संख्या लहान होती, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये हे खरे; परंतु अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अशा ९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही अशा भेटींपेक्षा काहीच न करणे अधिक बरे, असाच निष्कर्ष हाती आला. मला याचे आता नवल वाटत नाही. भीती ज्याला लवकर लागते ते मूल बहुधा धोक्यापासून आधीच दूर असते, आणि जे धोक्याच्या जवळ असते त्याच्यासाठी तुरुंग किंवा आजार ही फार लांबची गोष्ट असते, तर शेजारी उभा राहून “घे रे” म्हणणारा मित्र हाताच्या अंतरावर असतो.

भाषणाचा विषय मागे पडला की एक वेगळी सूचना हमखास पुढे येते: बिघडलेल्या मुलांची यादी करा, त्यांना वेगळे एकत्र बसवा आणि त्यांचे समुपदेशन करा. दिसायला ही सूचना शहाणपणाची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली सुरू झालेल्या प्रयोगाची हकिगत वाचेपर्यंत मलाही ती पटत असे. तेथे ५०६ मुलांच्या सारख्या परिस्थितीतील जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीतील एका मुलाला सरासरी पाच वर्षे मदत मिळाली. कार्यकर्ते त्याच्या घरी जात, त्याला अभ्यासात मदत करत, वैद्यकीय उपचार मिळवून देत, सुट्टीत शिबिरांना पाठवत. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या सगळ्यांचा शोध घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी तिच्याविषयी कृतज्ञतेने सांगितले. नोंदी मात्र सांगत होत्या की मद्यासक्तीची लक्षणे, पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटातच अधिक होते. पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की सर्वाधिक हानी उन्हाळी शिबिरांना एकापेक्षा अधिक वेळा गेलेल्या मुलांची झाली होती.

मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो. अशा दहा मुलांना एका खोलीत बसवले की त्यांपैकी एक जण आपण काय उद्योग केला ते सांगतो आणि बाकीचे हसतात. समुपदेशक नाराजी दाखवतो, पण त्याची नाराजी एका माणसाची असते आणि दाद नऊ बरोबरीच्या मुलांची असते. त्या वयात कोणाच्या शब्दाला अधिक वजन असते हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. म्हणून मी मुलांची वेगळी यादी करू देत नाही. ज्याच्याविषयी काळजी वाटते त्या मुलाला इतर मुलांच्या गटात, त्याच्यावर कोणताही शिक्का न मारता, सामावून घ्यावे असा माझा आग्रह असतो, आणि ‘बालगुन्हेगार’ हा शब्दही मी त्याच कारणासाठी उच्चारत नाही. किरकोळ आगळिकीसाठी मुलाला थेट पोलीस आणि न्यायालयाच्या वाटेवर ढकलण्याविषयीही हेच म्हणावे लागेल. २९ प्रयोगांतील सात हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केल्यावर, औपचारिक कारवाई झालेली मुले पुढे अधिक गुन्हे करताना आढळली. गंभीर हिंसा झाली असेल तर कायदा हवाच. माझे म्हणणे पहिल्या चुकीपुरते आहे.

आता ‘करायचे काय’ याकडे वळते. या बाबतीत मला सर्वाधिक शिकवले ते आइसलंडच्या उदाहरणाने. १९९०च्या दशकात तेथील किशोरवयीन मुले युरोपातील सर्वाधिक मद्यपान करणाऱ्यांमध्ये गणली जात. तेथील लोकांनी उपदेश बाजूला ठेवून मुलांचे दिवस कसे जातात ते मोजायला सुरुवात केली. शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या: पालकांबरोबर किती वेळ जातो, संध्याकाळी कोठे असता, आठवड्यातून किती वेळा खेळता. उत्तरे वर्षानुवर्षे धूळ खात पडली नाहीत. त्या त्या शाळेचे आणि वस्तीचे निष्कर्ष थोड्याच अवधीत तेथील पालकांच्या हाती दिले गेले, त्यामुळे ‘आपल्याकडे असे काही नाही’ म्हणण्याची सोय उरली नाही. खेळ, संगीत, कला यांसाठी सरकारी पैसा वाढवला गेला. पालकांनी आपसात लेखी करार केले, की मुलांना मद्य विकत घेऊन देणार नाही, देखरेखीशिवाय पार्टी होऊ देणार नाही आणि दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवीन. हिवाळ्यात १३ ते १६ वयाच्या मुलांनी रात्री दहानंतर बाहेर राहू नये असा कायदाही झाला. १५-१६ वयाच्या मुलांपैकी मागील महिन्यात नशेत धुंद झालेल्यांचे प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होते, ते २०१६ साली ५ टक्क्यांवर आले. रोज धूम्रपान करणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले.

हा देश लहान आणि संपन्न आहे, आणि त्याची नक्कल जशीच्या तशी कोठे होणार नाही, हा आक्षेप मी ऐकलेला आहे व तो रास्त आहे. परंतु त्या सर्व उपायांत मला एकच धागा दिसतो: शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या तासांत मुलाजवळ त्याला ओळखणारे कोणीतरी मोठे माणूस होते. त्याच काळात, सोमवार ते शुक्रवार आई-वडिलांबरोबर बहुतेक वेळा असतो असे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. हे धनावाचूनही काही अंशी करता येते, असे मला वाटते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी खेळाचे मैदान पुरत नाही. त्यांना काम आणि स्वतःच्या कमाईचा मान हवा असतो. शिकागोमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतील १३ शाळांमधील १,६३४ मुलामुलींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम आणि मार्गदर्शनासाठी एक प्रौढ व्यक्ती देण्यात आली. पुढील सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी त्यांना झालेल्या अटकांचे प्रमाण इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होते, आणि ही घट प्रामुख्याने काम संपल्यानंतरच्या महिन्यांतील होती. मुले केवळ कामात गुंतली म्हणून भांडणापासून दूर राहिली असती, तर काम संपताच सारे पूर्वपदावर आले असते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे, कारण या ठिकाणी चांगल्या माणसांकडूनच चूक होते. उत्साहाच्या भरात स्वयंसेवक नाव नोंदवतात, एका मुलाला आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ म्हणतात आणि दोन महिन्यांनी अडचणी सांगून थांबतात. अशा मैत्रीवरील अमेरिकेतील एका अभ्यासात वर्षभराहून अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झालेला आढळला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा आदर पूर्वीपेक्षाही घसरलेला दिसला. ज्या मुलाला आधीच अनेकांनी सोडलेले असते त्याला आणखी एक माणूस सोडून जातो, तेव्हा तो त्याचे कारण स्वतःतच शोधतो. ज्यांना वर्षभर येणे जमणार नाही त्यांनी हिशेब ठेवावा, साहित्य जमवावे, मैदानाची परवानगी मिळवावी. मुलाला शब्द देऊ नये.

म्हणूनच भाषणाचे बोलावणे आले की मी एक कोरा तक्ता पाठवते. त्यात आठवड्याचे सात दिवस आणि संध्याकाळी पाच ते नऊ हे चार तास आखलेले असतात, आणि प्रत्येक चौकटीत वर्षभर त्या वेळी मुलांबरोबर राहू शकेल अशा दोन प्रौढांची नावे भरायची असतात. बरेच तक्ते परत येत नाहीत. अलीकडे एक आला, तो काम करून हात मळलेल्या माणसाने भरल्यासारखा, खाडाखोड केलेला होता. पाच दिवस भरले होते, शनिवारी एकच नाव होते आणि बुधवारच्या चौकटी मोकळ्या होत्या. खाली लिहिले होते, “ताई, भाषण नको. बुधवारी तुम्ही याल का?” मी बुधवारी जाते.