डोहातली मोटार

खानापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मार्च लागला की मलप्रभेकाठच्या पाणबुडी मोटारी दारात येऊन पडतात. कुणाचं वायंडिंग जळलेलं, कुणाचं बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलेलं. बुश ओळखायला मशीन लागत नाही. चालू मोटारीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. धड मोटार एकसुरी घूं करते, झिजलेली कुरकुरते.

ती घूं १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची. आपली वीज ५० ची, पण प्रत्येक आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा बसते. आणि हा सूर रोहू, कटला, शिंगटी या मंडळींना आरामात ऐकू येतो.

माशाला बाहेरून कान दिसत नाही, म्हणून लोक त्याला बहिरा समजतात. त्याचं अंग पाण्याइतकंच घट्ट, त्यामुळे आवाज त्यातून आरपार जातो. अडतो तो फक्त हवेपाशी. रोहू साफ करताना पोटातून जो पांढरा, दोन कप्प्यांचा फुगा निघतो, तो आवाजानं थरथरतो आणि मणक्यालगतच्या बारीक हाडांची साखळी ती थरथर डोक्यातल्या कानापर्यंत नेते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० मध्ये या हाडांचं वर्णन केलं. पुढं १९२३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी एक आंधळा शिंगटीवर्गीय मासा शिट्टी ऐकून खायला येतो, हे छापून टाकलं. माझ्या मते शिट्टीवर येणारी मांजरंसुद्धा कमीच.

गळ टाकून बसलं की मामा दटावायचे, "बोलू नको की रे, मासं पळतंय!" खरं तर हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळाच माघारी फिरतो, हजारातला एखादा हिस्सा आत शिरतो. काठावर पाय आपटला, दगड सरकला, तर मात्र मासा सावध होतो. उलट पाण्यातला आवाजही बाहेर येत नाही. म्हणून वर उभं राहून आपण म्हणतो, नदी किती शांत आहे!

उथळ पाण्यात मोटारीचा सूर फार लांब जात नाही. १०० हर्ट्झची लाट पाण्यात १५ मीटर लांब, तिला पसरायला खोली लागते. ती खोली डोहात असते. उन्हाळ्यात धार आटली की मासे डोहातच गोळा होतात, आणि मोटारीही आम्ही तिथंच सोडतो. वीज असेल तितका वेळ ती घूं चालू. मोटारीनं मासे बहिरे होतात असं मी म्हणत नाही. पण रोहूच्याच कुळातल्या गोल्डफिशला प्रयोगशाळेत मोठ्या गोंगाटात ठेवलं, तर त्याची ऐकण्याची ताकद काही काळ घटते. सततच्या गुणगुणीत बारीक आवाज बुडतात, हे तर बाजारपेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

मासे मारायला पाण्यात जिलेटीनचा स्फोट करणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! त्या दणक्यात तोच फुगा फुटतो, पिल्लंसुद्धा सुटत नाहीत.

मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, मोटार खडकाला टेकवू नका, दोरीवर अधांतरी ठेवा, बुश वेळेवर बदला. मोटारही जास्त टिकते. परवा एकजण म्हणाला, "माशासाठी बुश बदलायचं तर बिल पण माशाच्या नावानं फाडा की."