दोन ट्यूबा, एकच आकडा

संशोधनासाठी घेतलेल्या रक्ताचा निकाल घरच्यांना सांगायचा नाही, असा मुलांच्या संधिवातावरच्या आमच्या अभ्यासाचा नियम आहे. संमतीपत्रात तो छापलेला असतो, सही घेण्याआधी वाचून दाखवलेला असतो आणि सही झाली की बहुतेक जण तो विसरतात. मला तो पाळण्याची वेळ सहसा येतच नाही. माझा संबंध ट्यूबांशी. ट्यूबवर सांकेतिक क्रमांक, आत पिवळसर सीरम. ते मूल कोण, त्याचा कुठला गुडघा सुजलाय, हे मला कळू नये अशीच सगळी रचना आहे.

त्या आठवड्यात ती रचना कोलमडली. नमुने गोळा करणारी सहकारी रजेवर होती, म्हणून ओपीडीत लेबलं चिकटवायला मी बसले. पाठोपाठ आलेली दोन मुलं आणि त्यांचे लागोपाठचे क्रमांक डोक्यात राहिले. तशी नोंद मी रजिस्टरमध्ये केली, तोही नियमच. पण नोंद केली म्हणून डोक्यातलं पुसलं जात नाही.

पहिली मुलगी नवी होती. दोन्ही मनगटं, बोटांचे सांधे, एक घोटा, दोन्ही गुडघे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात इतके आखडलेले की पेन्सिल धरता येत नव्हती. मोठे अक्षर काढून ती वेळ मारून न्यायची. डॉक्टर मॅडमनी हाताची मागची बाजू आधी तिच्या मांडीवर ठेवली, मग गुडघ्यावर. निरोगी गुडघा मांडीपेक्षा जरा गार लागतो. हिचा चांगलाच गरम होता. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेला संधिवात म्हणजे ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, आमच्या बोलण्यात नुसतं ‘जेआयए’. या एका नावाखाली सात प्रकार येतात. हिचा अनेक सांध्यांचा, रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे प्रतिपिंड नसलेला. त्याच दिवशी मेथोट्रेक्झेट हे दाह आवरणारं औषध सुरू व्हायचं होतं.

दुसरा मुलगा जुना. तो मेथोट्रेक्झेटवर होता आणि वर्षाहून जास्त काळ एकही सांधा सुजलेला नव्हता. आजार शांत झाला होता, पण औषधाने त्याला जेरीस आणलं होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, तरी तिचा वार जवळ आला की आदल्या संध्याकाळपासून मळमळ. तो पिवळा रंग नुसता दिसला तरी उमासे यायचे. हे नाटक नव्हे. मेथोट्रेक्झेटवरच्या कितीतरी मुलांचं असं होतं. रक्त देताना तो रडला नाही, फक्त शर्टाच्या बाहीने सारखा नाक पुसत होता.

नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये गेले आणि पुढच्या आठवड्यात मी प्लेट लावली. आम्ही मोजतो ते प्रथिन म्हणजे कॅलप्रोटेक्टिन, एस१००ए८ आणि एस१००ए९ यांची जोडी. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या द्रवात विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं हेच असतं. पेशी चिडल्या की ते बाहेर सांडतं आणि इतर पेशींना आणखी चिडवतं. ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक नमुना दोनदा. शेवटी आम्ल घातलं की निळा रंग पिवळा होतो. प्रथिन जितकं जास्त तितका तो गडद. यंत्राने ४५० नॅनोमीटरवर प्लेट वाचली. शेजारशेजारच्या त्या दोन नमुन्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. दोन्ही जास्त.

मी कागद हातात घेऊन बसून राहिले. कारण तोच आकडा मुलीसाठी चांगली बातमी होती आणि मुलासाठी वाईट.

मुलीचं आधी. मेथोट्रेक्झेट लागू पडतंय की नाही हे कळायला काही महिने जातात आणि साधारण तीनातल्या एका मुलाला ते पुरेसं पडत नाही. तेवढे महिने वाढत्या हाडांना परवडत नाहीत. दाहामुळे गुडघ्याजवळच्या हाडाचा रक्तपुरवठा वाढतो, ते जास्त वेगाने वाढतं आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. म्हणून सुरुवातीलाच अंदाज बांधता आला तर हवाच असतो. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की उपचाराआधी हे प्रथिन जास्त असलेल्या मुलांचा गट मेथोट्रेक्झेटला चांगला प्रतिसाद देतो. ज्याचा आजार जास्त भडकलेला तोच जास्त बरा होतो, हे ऐकायला उलटं वाटतं. मी त्याचा अर्थ असा लावते, की हा आकडा आजार किती आहे यापेक्षा तो कुठल्या पेशी चालवताहेत हे जास्त सांगतो.

मुलाच्या बाबतीत हेच उलटतं. २०१० मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती, २९ देशांतली ३६४ मुलं. आजार शांत झाल्यावर मेथोट्रेक्झेट सहा महिन्यांनी थांबवावं की बारा महिन्यांनी, हा तिचा प्रश्न. उत्तर निघालं, की फरक पडत नाही: एका गटात ५६.७ टक्के आणि दुसऱ्यात ५५.६ टक्के मुलांचा आजार उलटला. म्हणजे कधीही थांबवा, नाणेफेकच. पण थांबवताना ज्यांचं कॅलप्रोटेक्टिन मिलिलिटरला ६९० नॅनोग्रॅम किंवा जास्त होतं, त्यांचा आजार उलटण्याचा धोका लक्षणीय जास्त होता. सांधा हाताला गार, ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या नेहमीच्या रक्तचाचण्या नॉर्मल, आणि तरी राखेखाली निखारा. (आमचं किट वेगळं, त्यामुळे ६९० ही रेघ जशीच्या तशी आमच्या कागदावर ओढता येत नाही. हे किट विकणारे कधी आपणहून सांगत नाहीत.)

आणि नेमकं त्याच दुपारी त्या मुलाचं औषध थांबवायचं की नाही हे ठरायचं होतं.

ओपीडीच्या बाहेर त्याच्या आईने मला ओळखलं. “ताई, गेल्या वेळी लेबलं तुम्हीच लावली ना? त्या जास्तीच्या ट्यूबचं काय आलं?”

“ते अभ्यासाचं रक्त आहे हो. त्याचा निकाल आम्ही सांगत नाही.”

“म्हणजे आलाय.”

मी गप्प राहिले. ती चिडली नाही. “तुमच्याकडे आकडा आहे, आणि आत आम्ही अंदाजाने ठरवणार,” एवढंच म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण उत्तर आहे असं मला वाटत नाही.

मी प्रमुख संशोधकांकडे गेले. सरांना मुलाबद्दल काही बोलले नाही, फक्त विचारलं, की असा आकडा डॉक्टरांपासून लपवणं योग्य आहे का. सरांनी उत्तराऐवजी दोन रुग्ण सांगितले. पहिला, जेआयएच्या ताप आणि पुरळ घेऊन येणाऱ्या सिस्टेमिक प्रकारातला. त्याचा ईएसआर भराभर उतरायला लागला आणि वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात त्याला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम झाला होता, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी बेभान झाल्या होत्या. त्यात रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन संपत जातं, म्हणून ईएसआर उतरतो. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन मात्र गगनाला भिडतं, प्लेटलेट घसरतात आणि वेळेत ओळखलं नाही तर मूल दगावू शकतं. दुसरी मुलगी टोसिलिझुमॅब या औषधावर. सीआरपी यकृतात बनतं ते आयएल-६ या निरोप्या प्रथिनाच्या सांगण्यावरून, आणि हे औषध ते सांगणंच कानाआड करतं. म्हणून रिपोर्टमध्ये सीआरपी जवळजवळ शून्य आणि घोटा सुजलेला. “दोन्ही आकडे बरोबरच होते,” सर म्हणाले, “मशीन खोटं बोललं नव्हतं. आता मला सांग, तुझ्या आकड्याच्या दिवशी मूल कसं होतं?”

तेव्हा मला ती बाही आठवली.

सर्दी. साधं गळणारं नाक. पण संसर्ग कुठलाही असो, न्यूट्रोफिल कामाला लागतात आणि कॅलप्रोटेक्टिन वाढतं. मी फॉर्म काढून पाहिला. ‘सध्या संसर्ग’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं, कारण विचारताना आपण ‘ताप आहे का’ एवढंच विचारतो आणि ताप नव्हता. म्हणजे माझ्या हातातला तो आकडा सांध्यातून आला होता की नाकातून, हे कोणालाच सांगता आलं नसतं. तो मी दुपारी आईच्या कानावर घातला असता, तर मुलाच्या गोळ्या कदाचित आणखी वर्षभर चालू राहिल्या असत्या, एका पडशापायी.

आत डॉक्टर मॅडमनी त्यांच्या पद्धतीने ठरवलं. एकेक सांधा हाताने तपासला, गुडघ्याची सोनोग्राफी पाहिली, पाणी नाही. नेत्रतज्ज्ञांची स्लिट लॅम्पची (डोळा आतून तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची) चिठ्ठी स्वच्छ होती; जेआयएत डोळ्याचा दाह दुखल्याशिवाय, लाल झाल्याशिवाय येऊ शकतो, त्यामुळे ती चिठ्ठी त्या कधी वगळत नाहीत. मग आईला सरळ सांगितलं, की थांबवल्यावर निम्म्याहून जास्त मुलांमध्ये आजार परत येतो, आला तर पुन्हा सुरू करू, आणि सकाळी मुलगा लंगडतोय असं वाटलं तर तारखेची वाट पाहू नका. आईने थांबवायचं म्हटलं.

मुलगा अजून ठीक आहे. मुलीला मेथोट्रेक्झेट छान लागू पडलं. मनगटांची सूज गेली, एक घोटा तेवढा अधूनमधून कुरकुरतो. आकडा एकीकडे बरोबर ठरला आणि एकीकडे चुकला, असं मी म्हणणार नाही. दोन मुलांवरून काही ठरत नसतं, आणि ज्याच्या पारड्यात आधीच निम्मी शक्यता आहे त्याच्याबद्दल तर नाहीच. टीएनएफ-रोधक औषधं (दाह पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणारी) थांबवताना हीच प्रथिनं मोजून पाहिली गेली, तिथे ती आजार उलटण्याचा अंदाज देऊ शकली नाहीत. त्यामुळे मेथोट्रेक्झेटचं अनुमान दुसऱ्या औषधाला चिकटवणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालते.

त्यानंतर आम्ही फॉर्म बदलला. ‘सध्या संसर्ग’ काढून टाकलं. आता गेल्या पंधरा दिवसांतली सर्दी, खोकला, जुलाब, घसा, दातदुखी आणि लस, प्रत्येकाला वेगळी चौकट आहे, आणि रक्त घेणाऱ्याने स्वतः काय पाहिलं यासाठी एक मोकळी ओळ. ओपीडीतल्या सहकारी माझ्यावर वैतागल्या, कारण प्रत्येक मुलामागे त्यांचा वेळ वाढला. विश्लेषण करणारेही कुरकुरले: इतकी सर्दीवाली मुलं वगळली तर नमुने उरणार किती? मी म्हटलं, वगळू नका, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्या. त्याला नैतिक समितीची वेगळी परवानगी लागते. अर्ज गेलेला आहे.